दादोबांचे ‘आपण’

आमची नात पाचवीत आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. गेल्या पावसाळ्यात तिला घरचा अभ्यास म्हणून ‘माझे आजोबा’ या विषयावर इंग्रजीत आठ ओळी लिहायच्या होत्या. तिने मोठ्या मायेने लिहिल्या. आजोबा निवृत्त आहेत, आजोबा आमच्याबरोबर राहतात, आजोबा दिवसातून चार वेळा चहा पितात, असा सगळा खराखुरा मजकूर. वही तपासून आली तेव्हा तीत तीन लाल गोल होते. पहिल्या ओळीनंतर तिने माझ्यासाठी सगळीकडे ‘दे’ हे सर्वनाम वापरले होते आणि बाईंनी ते खोडून वर ‘ही’ लिहिले होते. नात हिरमुसली. तिचे गाऱ्हाणे अगदीच खोटे नव्हते. ‘ही’ म्हणजे तो, हे तिला शाळेनेच शिकवलेले. मग आजोबांना ‘तो’ कसे म्हणायचे? घरात सगळे ‘ते’ म्हणतात, आणि ‘ते’ म्हणजे ‘दे’, हेही शाळेनेच शिकवलेले.

मी हसलो. बाई बरोबर आहेत, इंग्रजीत एका माणसाला ‘ही’च म्हणतात, मग तो आजोबा असो, नातू असो की राजा असो, असे तिला समजावले. ते तिला पटले नाही, पण तिने मानले. दोनच दिवसांनी ती दुसरा प्रश्न घेऊन आली. इंग्रजीतल्या ‘वुई’चा अर्थ आम्ही की आपण? मी म्हणालो, दोन्ही. तेव्हा तिने विचारले, मग ‘वुई आर गोइंग टू द बीच’ असे मैत्रीण म्हणाली, तर मी चप्पल घालायची की नाही?

वाचकहो, मी उभी हयात कारकुनीत काढली, इंग्रजी पत्रांचे ढीग उपसले. पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मराठीत मैत्रीण ‘आम्ही समुद्रावर जातोय’ म्हणाली, तर आपण घरी बसायचे. ‘आपण समुद्रावर जाऊ’ म्हणाली, तर निघायचे. ऐकणारा धरला की वगळला, हे आपल्याकडे एका शब्दात कळते. इंग्रजीत ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी कपाटातले पुठ्ठा निघालेले एक पुस्तक काढले. तिथून जो नाद लागला, तो मला घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावापर्यंत आणि त्या गावाचे नाव लावणाऱ्या एका मोठ्या माणसापर्यंत घेऊन गेला. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

फुटपाथवरचे पुस्तक

ते पुस्तक म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. माझ्या पिढीतल्या मराठी शाळेतल्या मुलांना हे नाव नव्याने सांगायला नको. माझे वडील लालबागला गिरणीत होते. मी आठवीत गेलो तेव्हा त्यांनी फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडून त्याची जुनी प्रत आणली. स्वतःला इंग्रजीचे अक्षर येत नसताना त्यांनी ती कशाच्या भरवशावर निवडली, असे मी पुढे विचारले. त्यावर ते म्हणाले, की खात्यातले साहेब लोक लहानपणी हेच वाचत होते असे ऐकले होते.

त्या पुस्तकातली वाक्ये मी घोकली, तरी व्हायचे ते झालेच. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला एका कचेरीत गेलो असताना, कुठून आलात या प्रश्नाला मी ‘कमिंग फ्रॉम लालबाग’ असे उत्तर दिले. समोरचे तिघे हसले. मराठीत ‘येतो’ म्हटले की त्यात ‘मी’ आला. क्रियापदच सांगते कोण येतो ते. इंग्रजीत क्रियापद मुके असते. ‘आय’ म्हटल्याशिवाय माणूस दारातून आत येतच नाही. ती नोकरी मिळाली नाही. पण ‘आय’ कधीही गाळायचा नाही, हे मात्र जन्माचे कळले.

१९८२च्या संपानंतर वडिलांची गिरणी गेली. १९८८ साली आम्ही लालबागची खोली सोडून नालासोपारा पूर्वेला तुळिंजला राहायला आलो. त्या वेळी इथे टँकरच्या पाण्यावर दिवस निघत. तर्खडकरांचे पुस्तक सामानात आले आणि इथल्या ओलीत त्याचा पुठ्ठा सुटला. तर्खड हे गाव कुठेतरी लांब कोकणात असेल, अशी माझी समजूत. एकदा वसई स्टेशनबाहेर एक रिक्षावाला तर्खड, तर्खड असे पुकारत होता, तेव्हा मी चमकून थांबलो. आमच्या तुळिंजपासून एक स्टेशन आणि पुढे थोडी वाट, एवढेच अंतर!

आणखी एक गैरसमज माझा होता आणि तो पुष्कळांचा असतो. भाषांतर पाठमाला दादोबांची नव्हे. ती त्याच आडनावाच्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. दादोबांचे काम त्याआधीचे आणि एका अर्थी उलट्या दिशेचे. पाठमालेने मराठी मुलाला इंग्रजी शिकवले. दादोबांनी इंग्रजी व्याकरण शिकून मराठीला तिचे स्वतःचे व्याकरण दिले.

बावीस वर्षांचा वैयाकरण

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे तर्खडचे. त्यांच्या जन्माच्या वेळी पेशवाई अजून उभी होती. ते चार वर्षांचे झाले तेव्हा बुडाली. म्हणजे राज्य बदलल्यानंतर पहिल्यांदा शाळेत बसलेल्या पिढीतले हे मूल. आधी पंतोजींची शाळा, छडी आणि पाठांतर. मग मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी. त्या शाळांतून निघालेल्या पहिल्या काही मुलांनीच पुढे मराठीत वर्तमानपत्रे, क्रमिक पुस्तके आणि सभा-संस्था उभ्या केल्या.

या मुलांना इंग्रजी व्याकरणाचे रीतसर पुस्तक होते, मराठीचे नव्हते. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठी व्याकरण काढले होते, पण ते इंग्रजीत आणि साहेबांसाठी. मोल्सवर्थ यांचा मोठा कोश १८३१ साली आला, तोही मराठी–इंग्रजी. आपल्याच भाषेचे नियम परकी भाषेतून वाचायची वेळ होती. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा दादोबांचा ग्रंथ १८३६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने नुकते पदवीधर झालेले पोर! या एका पुस्तकावर ते थांबले नाहीत. १८५० साली त्याची बरीच वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. १८६५ साली मुलांसाठी लघुव्याकरण आले. १८७९पर्यंत मूळ ग्रंथाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि १८८१ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यांनी पुरवणी म्हणून पूरणिका लिहिली. म्हणजे एका विषयाची पंचेचाळीस वर्षे मशागत. लोकांनी त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हटले ते काही उगाच नाही.

पुढच्या वैयाकरणांनी त्यांच्यातल्या उणिवाही दाखवल्या. इंग्रजीच्या साच्यात मराठी ओतली, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. तो खोटा नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशी जी आठ जातींची उतरंड आपण शाळेत पाठ केली, ती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. आपल्या शालेय व्याकरणातला पुरुषही इंग्रजीप्रमाणेच मोजला जातो. संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’, मध्यम म्हणजे ‘तू’ आणि उत्तम पुरुष म्हणजे ‘मी’. शाळेतल्या मराठीत पहिला ‘मी’, मग ‘तू’ आणि ‘तो’ शेवटी. मोजणी दुसऱ्यापासून सुरू करायची की स्वतःपासून, एवढाच फरक. पण तो एकदा डोक्यात आला की जात नाही.

पण ‘सर्वनाम’ हा शब्द मात्र आपला जुना राहिला, आणि मला तो इंग्रजीपेक्षा फार सरस वाटतो. इंग्रजी ‘प्रोनाउन’ म्हणजे नामाच्या बदली आलेला शब्द. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी आलेला बदली शिक्षक म्हणा ना. सर्वनाम म्हणजे सर्वांचे नाव. पाणिनीच्या यादीत हे शब्द ‘सर्व’ शब्दापासून सुरू होतात म्हणून ते सर्वनाम, हे तर आहेच. पण सर्वांना लागू पडणारे नाव, असाही अर्थ जुन्या वैयाकरणांनी लावला आहे. दादोबा हे नाव एकट्या दादोबांचे. ‘मी’ हे नाव जो बोलेल त्याचे. राजा बोलला तर राजाचे, झाडूवाला बोलला तर झाडूवाल्याचे. भाषेत इतकी सार्वजनिक मालमत्ता दुसरी नाही.

यॉर्कचा क्वेकर

दादोबांनी जे इंग्रजी व्याकरण समोर ठेवले ते लिंडले मरे यांचे. हा मनुष्य मूळचा अमेरिकेचा. १७४५ साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, वकिली केली आणि १७८४ साली इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झाला. तिथे मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिकांच्या आग्रहावरून त्याने १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिले आणि पुढे कित्येक वर्षे ते इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांतून सर्रास चालले.

हा मरे क्वेकर पंथाचा होता, आणि क्वेकरांचा आणि सर्वनामांचा संबंध मोठा विलक्षण आहे. इंग्रजीत एके काळी आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ होते. ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही. बड्यांना ‘यू’ आणि नोकराचाकरांना ‘दाउ’, अशी तिथलीही रीत. सतराव्या शतकात निघालेल्या या पंथाने ठरवले, की देवासमोर सगळी माणसे सारखी, तेव्हा सगळ्यांना एकच शब्द. ते सरदाराला आणि न्यायाधीशालाही ‘दाउ’ म्हणू लागले. डोक्यावरची टोपीही काढीनात. त्यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. एका सर्वनामासाठी माणसे तुरुंगात गेली, हे ऐकून आमची नात डोळे मोठे करून बघत राहिली.

पुढे इंग्रजांनीही सगळ्यांना एकच शब्द केला, पण क्वेकरांच्या उलट बाजूने. त्यांनी ‘तू’ टाकला आणि सगळ्यांना ‘तुम्ही’ केले. म्हणून ‘यू’ एका माणसाला म्हटले तरी पुढे ‘आर’च येते, ‘इज’ येत नाही. मुलांना हा नियम वेडावाकडा वाटतो. ‘यू आर’ म्हणजे ‘तू आहेस’ नव्हे, मुळात ‘तुम्ही आहात’, एवढे सांगितले की तो चटकन बसतो. मरे यांच्या कोष्टकात मात्र दोन्ही रूपे होती. म्हणजे ते व्याकरण शिकणाऱ्या मुंबईच्या मुलांनी इंग्रजीतला ‘तू’ बोलण्यात कधी ऐकला नसेल, पण पुस्तकात पाहिला होता. आणि वर्गातून बाहेर पडले की त्यांच्या अवतीभवती मराठीतला ‘तू’ होताच, जातीप्रमाणे आणि पैशाप्रमाणे वाटून दिलेला.

सुरत, मुंबई आणि पावाचा तुकडा

दादोबांच्या आयुष्यातली पुढची वर्षे पाहिली, की हा माणूस व्याकरणाच्या पुस्तकात मावणारा नव्हता हे कळते. काही काळ त्यांनी माळव्यातल्या जावऱ्याच्या नबाबाकडे शिक्षक म्हणून काढला. मग मुंबईला अध्यापन आणि तिथून सुरतेच्या इंग्रजी शाळेवर नेमणूक. सुरतेला त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या शिक्षकाशी पडली. १८४४ साली या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापन केली. देव एक, माणसाची जात एक आणि थोरवी जन्मावर नसून गुणांवर, हा तिचा गाभा. जादूटोणा आणि भुताखेतांचा बाजार यांवरही सभेने हल्ला चढवला. गंमत अशी, की गुजरातीतही आपल्यासारखेच ‘अमे’ आणि ‘आपणे’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही भाषांत त्या काळचा माणूस ‘आम्ही’ म्हणाला की बहुधा आपली जात सांगत असे. सभेला दुसरा शब्द हवा होता.

१८४६ साली बाळशास्त्री जांभेकर ऐन तारुण्यात गेले. त्याच वर्षी दादोबा मुंबईस परतले आणि शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. सरकारी मराठी शाळांची देखरेखही त्यांनी केली. १८४८ साली विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसारक सभा काढली तेव्हा मराठी शाखेचे अध्यक्षपद त्यांनाच मिळाले. आणि १८४९च्या सुमारास परमहंस मंडळी सुरू झाली. मूळ विचार दादोबांचा, प्रार्थना त्यांच्या, ‘धर्मविवेचन’ हा आधारग्रंथही त्यांचाच.

या मंडळीत प्रवेश कसा मिळे, ते वसईच्या माणसाला विशेष कळेल. नव्या सभासदाला ख्रिस्ती भट्टीवाल्याने भाजलेल्या पावाचा तुकडा सगळ्यांदेखत खावा लागे. आमच्या वसईत विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा म्हातारी माणसे अजून सांगतात. पाव पोटात गेला की माणूस ‘आम्हां’तून ‘त्यां’च्यात गेला, असा तो काळ. तोच पाव हातात घेऊन वेगवेगळ्या जातींची सुशिक्षित मुले एका खोलीत म्हणत होती, की आता आम्ही आणि ते नाही, आता आपण.

पण खोलीचे दार बंद होते. ही मंडळी गुप्त होती. सभासद पुरेसे वाढल्यावर उघडपणे जातिभेद मोडायचा, असा त्यांचा बेत. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावे फुटणार अशी आवई उठली आणि मंडळी विस्कटली. दादोबा स्वतः सरकारी नोकर. ते उघडपणे पुढे आले नाहीत. खोलीत ‘आपण’ आणि रस्त्यावर पुन्हा ‘आम्ही’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’. त्यांच्याविषयी पुरता आदर ठेवूनही हे लिहिले पाहिजे.

आणखीही एक गोष्ट लिहिली पाहिजे. १८५२ साली ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथल्या भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल त्यांना सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. आज आपण त्यांना रावबहादूर म्हणतो तेव्हा ते नाव कशाबद्दल मिळाले हे विसरतो. सगळ्या माणसांची जात एक म्हणणाऱ्या या थोर माणसाच्या कारकिर्दीत भिल्ल मात्र ‘ते’च राहिले. आणि त्याच माणसाने १८५७ साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने ‘विधवाश्रुमार्जन’ लिहिले. माणूस एका रांगेत सरळ उभा राहत नाही. आपणही कुठे राहतो?

इंग्रजीचे घर

तर्खडकरांच्या घराण्याने इंग्रजीचा उपयोग किती परींनी केला, हे पाहण्यासारखे आहे. दादोबांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. इंग्रजी राज्याने या देशाची लूट चालवली आहे, असा खणखणीत आरोप त्यांत होता. दादाभाई नौरोजींचे नाव यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मला वाटते, या पत्रांना इंग्रजी भाषेचाही एक फायदा मिळाला असावा. मराठीत साहेबाला जाब विचारायचा तर आधी सरकार, हुजूर, मायबाप यांची आरास करावी लागे. इंग्रजीत नुसते ‘यू’ पुरे. ज्यांनी ती भाषा दिली, त्यांनाच या तरुणाने त्या भाषेत बरोबरीने उभे राहून विचारले.

दुसरे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग. परमहंस मंडळीचे बंद दार त्यांनी १८६७ साली उघडले, असे म्हणता येईल. प्रार्थना समाजाची स्थापना त्यांच्या पुढाकाराने झाली आणि ती उघडपणे झाली. याच आत्मारामांकडे १८७८ साली कलकत्त्याचा एक सतरा वर्षांचा मुलगा विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव करायला येऊन राहिला. त्याला शिकवण्याचे काम आत्मारामांच्या मुलीने, अन्नपूर्णेने केले. त्या मुलाचे नाव रवींद्रनाथ ठाकूर. त्याने तिला नलिनी असे नाव दिले. ज्या घरातल्या काकाने मराठीला सर्वनामे समजावली, त्या घरातल्या पुतणीने रवींद्रनाथांचे इंग्रजी घासूनपुसून दिले!

दादोबा त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. नोकरीतून मोकळे होऊन बरीच वर्षे झाली होती. मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका त्यांनी १८६५ सालीच लिहिली होती. १८७८ साली स्वीडनच्या स्वीडेनबोर्ग या तत्त्वज्ञाच्या ग्रंथांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते वारले. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजींनी आमच्या सोपाऱ्याचा स्तूप उकरला होता. दादोबांचे आत्मचरित्र अपुरे राहिले. ते अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. मराठीतल्या अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. म्हणजे ‘मी’ या सर्वनामाने सुरू होणारा लेखनाचा प्रकारही या वैयाकरणाने लवकर हाताळला.

नातीचा शेवटचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत मी नातीला तर्खडला घेऊन गेलो. तिथे काही विशेष पाहायचे होते असे नाही. वसई पश्चिमेच्या त्या पट्ट्यात वाड्या, विहिरी, केळी आणि आता मधूनमधून इमारती. वाटेत मी तिला जमेल तशी सर्वनामे समजावत होतो. मराठीत ‘त्याची आई’, कारण आई बाई आहे म्हणून ‘ची’. इंग्रजीत ‘हिज मदर’, कारण तिथे मालक पाहतात, वस्तू नाही. खुर्ची मराठीत ‘ती’ असली तरी इंग्रजीत ‘शी’ नव्हे, ‘इट’. रमेशने ‘आपली’ वही आणली की ‘त्याची’ आणली, हा फरक मराठीत स्पष्ट. इंग्रजीत दोन्ही ‘हिज’, मग भांडण कोणाच्या वहीवरून ते शोधत बसा. आणि तिच्या त्या ‘दे’बद्दलही सांगितले. ज्याच्याविषयी बोलायचे तो पुरुष की बाई हे ठाऊक नसेल, किंवा त्या व्यक्तीला स्वतःला ‘ही’ आणि ‘शी’ दोन्ही नको असतील, तर आता इंग्रजीत एकाच माणसाला ‘दे’ म्हणतात. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशाने २०१९ सालचा शब्द म्हणून ‘दे’ हाच निवडला होता. म्हणजे आजोबांना ‘दे’ म्हणण्यात ती अगदीच वाट चुकली नव्हती, कारण तेवढे वेगळे होते. ती खूश झाली.

परतताना तिने विचारले, इंग्रजीत मी तुम्हालाही ‘यू’ म्हणते आणि जिना झाडणाऱ्या मावशींनाही ‘यू’ म्हणते. मग मराठीत सगळे त्यांना ‘तू’ का म्हणतात? त्या तर तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत.

मी तिला सांगू लागलो, की ‘तू’ हा काही वाईट शब्द नव्हे. आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की मी प्रश्नाला बगल देतोय. आई मला तू म्हणते आणि मी तिला. तिथे शब्दाची ये-जा आहे. जिना झाडणाऱ्या बाईंना मी तू म्हणतो. त्या मला उलट तू म्हणू शकतात का? नसतील, तर तो तू मायेचा नाही. गिरणीच्या कचेरीत माझ्या वडिलांना त्यांच्या निम्म्या वयाचा कारकून ‘तू’ म्हणायचा आणि ते मान खाली घालून ‘साहेब, तुम्ही’ म्हणायचे. ते पाहून मी घरी येऊन रडलो होतो. तोच मी चौतीस-पस्तीस वर्षे तुळिंजच्या जिन्यात तेच करत आलो आणि मला कळलेही नाही.

आता मी त्यांना मावशी, तुम्ही असे म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी मागे वळून पाहिले, माझ्यामागे आणखी कोणी उभे आहे की काय म्हणून. आता सवय झाली आहे, त्यांनाही आणि मलाही. दादोबांना जे बंद खोलीत करावे लागले, ते आपल्याला उघड्या जिन्यात करता येते. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही, व्याकरणही पाठ असावे लागत नाही. पण नातीच्या वहीतले तीन लाल गोल नसते, तर मी तरी तिकडे कशाला पाहिले असते?